बुटांचा नंबर

औसा रोडच्या पार्कात मी तिसऱ्या फाटकावर असतो.
शिट्टी, पावत्यांचा खिळा, आणि भिंतीवर रंगवलेला एक हात:
'या हातापेक्षा उंच असाल तरच बसा.'
उंचीचा नियम होता. पायांचा नव्हता.
पायांसाठी तोंडी सोय होती,
बाहेर पडायच्या दारातून आत सोडायचं, गुपचूप,
लग्नात ओळखीच्याला मागच्या दारानं पंगतीला बसवतात तसं.

मे महिना. रांग पत्र्याखालून निघून
रसवंतीला वळसा घालून पार्किंगपर्यंत गेलेली.
एक तास चाळीस मिनिटं.
चनबस बिराजदार, निलंग्याचे, पोरीला पाठुंगळी घेऊन आले.
खुर्ची होती, पण फाटकातल्या लोखंडी वळणांत
ती मावत नाही.
ती वळणं आम्हीच बसवली,
रांग सरळ राहावी म्हणून.

मी नेहमीसारखं बाहेरचं दार उघडलं.
रांगेतून आवाज आला, तोही नेहमीचाच:
"आम्ही काय येडे म्हणून उभारलोत व्हय?"
मी तोंड उघडणार, तर पोरगीच बोलली
बापाच्या खांद्यावरून,
खोल आडातून बादली ओढावी तसा एकेक शब्द वर काढत:
"मला... पुढं... नगं.
माझा... नंबर... पायजे."

नंबर पाहिजे तर उभं राहावं लागतं.
हे मी तिला सांगणार होतो.
बरं झालं, जीभ जड झाली.

रांगेत मधेच एक बाई होत्या, लातूरच्याच,
सोबतची पोरं त्यांना सोजरमावशी म्हणत होती.
त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत टँकर यायचा आठ दिसाला.
रातभर कोण उभारतंय?
घागर उभारायची. माणूस घरी झोपायचं.
कुणाची घागर कुणी हलवली न्हाई."
जरा थांबून, "हलवली तर डोकं फुटायचं, ते येगळं."

मग चनबसनी पोरीच्या पायातले बूट काढले.
निळे, चिकटपट्टीचे, दोन वर्षांचे,
तळवे कोरे, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखे,
फक्त डाव्याचं टोक झिजलेलं.
ठेवले रांगेच्या शेवटी. अगदी शेवटीच,
कॉलेजच्या एका पोराच्या मागं.

सुकन्या लिंबाच्या सावलीत पेप्सी चोखत बसली,
आणि बूट चालायला लागले.
आधी कुणी पायानं सरकवले,
मग कुणी वाकून, हातानं.
एका बारक्यानं घालून बघितले, धपाटा खाल्ला.
वळणावर एक जण पुढं घुसायला गेला,
त्याला पाच-सहा जण म्हणाले, "बुटाच्या मागं हो."
मघाशी ओरडलेला माणूसही त्यांत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी ते माझ्यासमोर आले,
शेजारी शेजारी, जरासे वाकडे.
चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
मी बुटांना विचारलं, "किती जण?"
रांगच ओरडली, "ओ बिराजदार! नंबर आला!"

बापानं तिला भिंतीशी धरून उभं केलं.
रंगवलेल्या हातापेक्षा चार बोटं उंच.
तिनं ते वळून, नीट बघितलं.

खेळ अडीच मिनिटांचा. पट्टा मी दोनदा ओढून पाहिला.
वर ती हसली की घाबरली, सांगता येणार नाही,
खालून सगळ्यांची तोंडं सारखीच दिसतात.

पुढं साहेबांनी पिवळ्या चिठ्ठ्या छापल्या,
नाव, वेळ, 'तोवर सावलीत बसा'.
लोखंडी वळणं कापायचा अर्ज मी दिलाय.
तोही कुठल्यातरी रांगेत आहे.
त्याच्या जागी काय ठेवावं, मला सुचत नाही.

त्या दिवशी खाली उतरल्यावर ती एवढंच म्हणाली,
"परत."
चनबसनी कपाळाचा घाम पुसला,
बूट उचलले, आणि पार्किंगपर्यंत चालत गेले.
शेवटच्या माणसानं मागं न बघताच
जरा सरकून जागा केली.